सातबारा माह्या नावावर

एज ऑफ एम्पायर्समध्ये आयता नकाशा आवडला नाही तर आपला आपण रंगवता येतो. जमीन, पाणी, टेकड्या, जंगल. हवं ते निवडायचं आणि माऊसनं फासत सुटायचं. पुतण्यानं असा अख्खा भारत केला, तेव्हा घरात कोणी हूं की चूं केलं नाही. काठेवाड जरा फुगला होता, श्रीलंका तमिळनाडूला चिकटली होती. पण तक्रार घेऊन मोर्शीपर्यंत येतो कोण? मग त्यानं वऱ्हाड करायला घेतलं, आणि घरादाराला भूगोल आठवला.

"नदी इतकी अलीकडं काहून घेतली बे?" दादाचा पहिला आक्षेप. नदी म्हणजे वर्धा. 1803 साली देवगावच्या तहात भोसल्यांनी तिच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तेव्हापासून ती हद्द सांभाळते आहे. दोन चौकटी इकडे सरकली की आमचं वावर थेट वर्धा जिल्ह्यात. इंग्रज सेनापती वेलस्लीनं लादलेली हद्द दादाला मान्य, पोराची नाही. सालबर्डी तेवढी बिनबोभाट पार पडली. गावच अर्धं मध्य प्रदेशात, रेघ कुठूनही न्या.

खेळात संत्र्याचं झाड नाही. त्यानं बेरीची झुडपं लावली. एका झुडपातून 125 अन्न निघतं, आणि झुडूप कायमचं संपतं. वहिनी डोकावल्या. "एकदा तोडलं का झाड खतम? मंग बाग लावाची कायले?" आंबिया नाही, मृग नाही, फळगळ नाही. फुलावरच सौदा करायला येणारा व्यापारीही नाही म्हटल्यावर दादा पहिल्यांदाच खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसला.

धरणही बांधता येत नाही. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा म्हणून एक निळं डबकं तेवढं काढलं. अमरावती शहर याच धरणाचं पाणी पितं, म्हणून मोर्शीकर मनातल्या मनात स्वतःला बलाढ्य समजतात. खेळातली माणसं मात्र पाणीच पीत नाहीत. आमचं एकुलतं एक अस्त्र गेलं.

खरा घोळ वाटपाचा. डाव बरोबरीचा व्हायचा तर लाकूड, अन्न, सोनं, दगड सगळ्यांना सारखं हवं. निसर्गाला हा नियम कोणी कळवलेला नाही. मेळघाटवाल्याला जंगलच जंगल, वर गाविलगड फुकट. अचलपूरवाल्याला इमादशाहीची राजधानी. अकोल्याच्या वाट्याला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, आणि तो दाखवायला पुतण्यानं रेती पसरली. त्या बाजूनं खेळणारा त्याचा मित्र भडकला, "कपाशीच्या काळ्या जमिनीत वाळवंट टाकतं का बे?" मोर्शीत सोनं नव्हतं. नकाशात उरलेली एकुलती खाण पार पश्चिमेच्या टोकाला निघाली.

"झाला अनुशेष सुरू!" दादा गरजला. 1984 साली दांडेकर समितीनं रस्ते, सिंचन, विजेचा अनुशेष मोजला होता. सोन्याच्या खाणींचा रकाना तिला सुचला नव्हता, तो दादानं भरून काढला. पुतण्यानं निमूटपणे एक खाण आमच्या वावराशेजारी टाकली. मेळघाटवाल्यानं लगेच दगड मागितला, अकोल्यानं मासे.

अखेर डाव लागला. दादा संत्री तोडण्यात गुंग असताना अचलपूरचे हत्ती आले, वेस फोडली, घरं पाडली. पुतण्या ओरडला, "बाबा, मोर्शी गेली!"

"जाऊ दे," दादा चष्मा पुसत म्हणाला. "सातबारा माह्या नावावर हाये."