नारळ उभा राहिला!

आमच्या सोसायटीत फ्लॅट ४८ आणि इंजिनिअर ५३. गच्चीवर सोलर कुठल्या कंपनीचं बसवायचं यावर इथे दोन महिने वाद चालतो, एक्सेल शीट फिरतात, तिघांचं आपसांत बोलणं बंद होतं. पण टँकरचं बिल डोईजड झालं आणि बोअर मारायचं ठरलं, तेव्हा जागेचा प्रश्न अडीच मिनिटांत सुटला. अध्यक्ष म्हणाले, "पाणाड्याला बोलवू." अनुमोदन. चहा.

जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो ते मोजतात, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधता येतो, असं मी चाचरत सुचवून पाहिलं. खजिनदारांनी विचारलं, "गॅरंटी आहे का?" म्हटलं, गॅरंटी नाही, अंदाज असतो. "मग? पाणाडे गॅरंटी देतात." विज्ञानाची ही जुनीच खोड आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगून बसतं आणि भर मीटिंगमध्ये आपली पंचाईत करतं.

रविवारी पाणाडे आले. पायाळू होते, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं, गुप्तधन दिसतं आणि वीजही नेमकी त्याच्यावरच पडते, अशी आपल्याकडे समजूत. गुप्तधन दिसणारा माणूस दोन हजारांसाठी भर उन्हात स्कूटरवरून का हिंडतो, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण काकूंनी तेवढ्यात त्यांना सरबत दिलं.

त्यांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि पार्किंगमधून सावकाश चालू लागले. वॉचमनच्या केबिनपाशी नारळ थरथरला आणि ताडकन उभा राहिला. "इथं. तीनशे फुटांवर दोन झरे मिळतात." टाळ्या. एका आयटीवाल्यानं व्हिडिओ काढला. दिवसभर कंपनीत हा गृहस्थ दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो.

मी म्हटलं, "आता एखादी कोरडी जागा दाखवा ना."

शांतता पसरली. असं कुणी विचारत नाही. पण खरी मेख तिथेच आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टवर बसलाय. लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेत, आणि पाणी वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात धरून राहतं. जमिनीखाली नद्या वाहतात आणि नारळ त्यांच्या काठाकाठानं चालतो, असं काही नसतं. पुष्कळ ठिकाणी खोल गेलं की थोडीफार ओल लागतेच. किती लागते आणि मे महिन्यापर्यंत पुरते का, हा खरा प्रश्न. 'इथे पाणी आहे' हे भाकीत म्हणजे जुलैत महाबळेश्वरला उभं राहून 'पाऊस येणार' म्हणण्यासारखं.

जर्मनांनी या विद्येची कसून परीक्षा घेतली. म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात खाली पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून इकडेतिकडे सरकवायचा आणि वर पाणाड्यानं तो नेमका कुठे आहे ते सांगायचं. आधी सुमारे ५०० जणांना तपासून त्यांतले ४३ निवडले आणि १९८७-८८ मध्ये त्यांच्या ८४३ चाचण्या घेतल्या. बहुतेकांना काही जमलं नाही, पण सहा जणांत काहीतरी आहे असं संशोधकांनीच जाहीर केलं. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा चाळले. डोळे मिटून दर वेळी 'मधोमध' म्हणत बसणाऱ्या माणसापेक्षा सगळ्यात सरस पाणाडा दहा मीटरांत सरासरी चार मिलिमीटरनं पुढे निघाला. चार मिलिमीटर! एवढ्यात आमच्या बोअरचा केसिंग पाइपही बसायचा नाही.

"परदेशी लोकांचं सांगू नका," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या वराहमिहिरानं दीड हजार वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय." नंतर घरी येऊन मी बृहत्संहिता काढली. भूजलावर तिच्यात अख्खा अध्याय आहे, दकार्गल नावाचा. त्यात झाडं आहेत, वारुळं आहेत, मातीचा रंग आहे, खडक आहे. त्यातलं किती खरं ठरतं हे तपासावंच लागेल, पण तो माणूस निदान जमिनीकडे बघत होता. अध्यक्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जे वाचलं ते बहुधा दुसरे वराहमिहिर असावेत.

पार्किंगमध्ये मात्र मी तेव्हा सरळ सुचवलं, पाणाड्यांचे डोळे बांधू, चार गिरक्या देऊ, आणि नारळ पुन्हा केबिनपाशीच उभा राहतो का ते पाहू. खर्च एक रुमाल. त्यावर उत्तर आलं, "डोळे बांधले की शक्ती बांधली जाते." पाणी शोधायला डोळे लागत असतील तर नारळ कशाला, हे मी मनातच ठेवलं.

"तुम्हीच धरून बघा," म्हणत पाणाड्यांनी नारळ माझ्या हातावर ठेवला. मी केबिनकडे चालू लागलो. चार पावलं राहिली असताना नारळ थरथरला आणि, आईशप्पथ, उभा राहिला.

मी अजिबात ढकललं नव्हतं. १८५३ साली लंडनमध्ये भुताखेतांच्या नावानं टेबलं फिरवणारे सभ्य गृहस्थही हेच सांगायचे. मायकेल फॅरडेनं त्यांच्या हातांखाली मऊ चिकट पदार्थानं जोडलेल्या पुठ्ठ्यांची चळत ठेवली. टेबल हातांना ओढत असतं तर खालचा पुठ्ठा जास्त सरकला असता. सरकला वरचा. म्हणजे आधी हात हलत होते, हातवाल्याला पत्ता नव्हता. आडवा नारळ तळहातावर जेमतेम तोललेला असतो, बोटं काडीभर कलली की उठून बसतो. आणि केबिनपाशी काय व्हायचंय हे माझ्या बोटांना आधीच ठाऊक होतं. व्हिडिओ मीही पाहिला होता.

हे सगळं मी समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. काकूंनी हळूच विचारलं, "तुम्हीही पायाळू का हो?" मी आईला फोन केला. ती म्हणाली, "छे रे, तू डोक्याकडूनच आलास. त्यानंतर डोकं कधी वापरलंस मला आठवत नाही."

खात्री करावी म्हणून संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये नारळ घेऊन फिरलो. इथे सोफ्यापाशी उभा राहील असं मनाशी ठरवलं आणि डोळे उघडे ठेवले. सोफ्यापाशी उभा राहिला. बायको म्हणाली, "बरोबर आहे, तिथेच तुम्ही आयते पाणी मागता."

बोअरची गाडी आली. दोनशे ऐंशी फुटांवर दीड इंच पाणी लागलं. पेढे वाटले, पाणाड्यांना शाल दिली, आणि ग्रुपवर माझ्या नावानं चार दिवस हसणाऱ्या बाहुल्या येत राहिल्या. पण शेजारच्या दोन सोसायट्यांत पाणाडे न बोलावता, जिथे गाडी उभी करता आली तिथे बोअर मारला होता. त्यांनाही साधारण एवढंच पाणी आहे. त्यांना शाल कुणी देईना.

मार्चमध्ये आमचा बोअर गुळण्या करू लागला, एप्रिलमध्ये गप्प झाला. तातडीची मीटिंग भरली. पाणाड्यांची चूक नाही यावर एकमत झालं. बोअर मारताना कुणीतरी चप्पल घालून उभं होतं म्हणे. वॉचमननं माझं नाव घेतलं. ठराव असा झाला की दुसऱ्या बोअरची जागा मीच पाहावी, फी घेऊ नये, आणि नारळ सोसायटीच्या खर्चानं आणावा.