येऊ द्या, येऊ द्या… बस्स!

महाराष्ट्रात गाडी मागे घेणं हे एकट्याचं काम नाही. तुम्ही रिव्हर्स गिअर टाकायचा अवकाश, कुठून तरी एक गृहस्थ प्रकट होतो. तो तुमच्या ओळखीचा नसतो. त्याला गाडी चालवता येते असंही नाही. पण तो गाडीच्या मागे उभा राहतो आणि पंजा स्वतःच्या पोटाकडे ओढत सुरू करतो, "येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं मारा… येऊ द्या…" मग 'धप्' असा आवाज होतो आणि त्यानंतर तो म्हणतो, "बस्स!" हे 'बस्स' आवाजाच्या आधी म्हणायचं असतं, एवढंच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. एकदा 'बस्स' झालं की तो जसा आला तसाच गर्दीत विरघळतो. ज्याला धक्का लागला त्या गाडीचा मालक तेव्हा कुठे असतो? भजी खात असतो.

आमच्या मावळात या मंडळींचा हंगाम जून ते सप्टेंबर. तशी मावळात पावसाळी पिकं दोनच, इंद्रायणी भात आणि पर्यटक. इंद्रायणी वाण वडगावच्या कृषी संशोधन केंद्रानं १९८७ साली दिला, आणि पर्यटकांची भरघोस आवक २००२ साली द्रुतगती मार्ग पुरता सुरू झाल्यापासूनची. पहिल्याला चिखल लागतो, दुसरा चिखल करतो. म्हणून आम्ही स्थानिक लोक पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाडी दाराबाहेर काढत नाही. दूध, भाजी, किराणा, दाढी सगळं शुक्रवारपर्यंत उरकून घेतो आणि दोन दिवस पडदा बाजूला सारून रस्त्याकडे बघत बसतो. लोणावळ्यातले माझे एक मित्र तर शुक्रवारी संध्याकाळी गाडीवर ताडपत्री टाकून वरून दोरी बांधतात. पावसासाठी नव्हे.

या घाटात रिव्हर्स घ्यायची परंपरा मात्र जुनी आहे. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढून वर आली, तेव्हा गाडीला सरळ वर येता येत नव्हतं. मध्येच थांबायचं, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट्या दिशेनं निघायचं. त्यासाठी साहेबानं खंडाळ्याजवळ खास रिव्हर्सिंग स्टेशनच बांधलं आणि ते १९२९ पर्यंत चाललं. उलटं जाणं ही गंभीर बाब आहे, तिला स्टेशन, सिग्नल आणि पगारी माणसं लागतात, हे साहेबाला कळत होतं. आपण तेच काम भजीच्या गाडीवर उभ्या असलेल्या कुणाही इसमावर सोपवलं.

तर अशा भर हंगामात, रविवारी, आमच्याकडे लातूरहून माझे साडू अण्णा आले. पावसाळा लागला की मावळातल्या नातेवाइकांची आठवण सगळ्यांनाच येते. उन्हाळ्यात अण्णांचा फोनसुद्धा येत नाही. त्यांना धबधबा पाहायचा होता. मी म्हणालो, "अण्णा, रविवारी भुशी धरणावर पोचायचं तर शनिवारी निघायला हवं होतं." शेवटी कार्ल्यावर तडजोड झाली. बायकांना एकवीरा आईचं दर्शन, अण्णांना डोंगर, आणि मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला लेणी. डोंगराच्या निम्म्यावर गाड्या लावायची जागा आहे, तिथं आमची विटकरी रंगाची वॅगनआर लावली, पावती घेतली आणि पायऱ्या चढलो.

वर चैत्यगृहात मी अण्णांना खांबांवरचे ब्राह्मी लेख दाखवले. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं खांब दिला, त्यानं त्यावर नाव आणि गाव कोरून ठेवलंय. धेनुकाकटच्या यवनांचे खांबच कितीतरी आहेत. हे सगळं शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं पूर्ण केलं आणि ते अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्यानं स्वतःच लिहून टाकलंय. दाराचा खर्च सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचा. दाराचं काम वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचं. अण्णा भक्तिभावानं ऐकत होते. "म्हणजे नाव, बापाचं नाव, गाव, धंदा. समदं लिहिलंय की!" मी म्हणालो, "त्या काळी माणसं आपल्या हातून झालेल्या कामाची जबाबदारी घेत."

तासाभरानं खाली आलो तर आमच्या दारावरही काम झालेलं होतं. कर्त्याचं नाव नव्हतं.

उजवीकडचं मागचं दार. हँडलच्या खाली वीतभर, नारळाची करवंटी आतून दाबून बसवावी एवढा खोल पोचा. त्याच्या कडेला रंगाचे पापुद्रे उडून आतला करडा प्रायमर उघडा पडलेला. पोच्याच्या मधोमध एक लहानसा गोल ठसा, बहुधा नंबरप्लेटच्या स्क्रूचा. आणि तिथून मागच्या चाकापर्यंत पांढऱ्या रंगाचा पट्टा. म्हणजे ठोकून झाल्यावर गाडी पुढे घेताना त्यानं दार पुसतही नेलं होतं. स्क्रू उमटला, नंबर तेवढा उमटला नाही. वायपरखाली कागद होता. मला क्षणभर गहिवरून आलं. उघडून पाहिला तर पवना धरणाकाठच्या तंबूंची जाहिरात होती. जेवणासह, शेकोटीसह.

आता साक्षीदार. गर्दीच्या ठिकाणी साक्षीदार कमी पडत नाहीत, उलट पुरतात आणि उरतात. कणसं भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पांढरी गाडी हुती. घाईत हुते बिचारे." हे 'बिचारे' मला लागलं. मी विचारलं, "मावशी, नंबर बघितला का?" तर म्हणाल्या, "नंबर न्हाई, पर पुढं लिंबू-मिरची हुती. ताजी." चहावाल्यानं नंबरची सुरुवात छातीठोकपणे सांगितली, एमएच बारा. टोप्या विकणारा म्हणाला, छे, एमएच झिरो फोर. हळूहळू माझ्या लक्षात आलं की चहावाल्याचं पुणेकरांशी सुट्या पैशांवरून वाजलं होतं आणि टोपीवाल्याचा ठाण्याच्या गिऱ्हाइकानं घासाघीस करून जीव घेतला होता. ज्याचा ज्या जिल्ह्यावर राग, त्याला त्या जिल्ह्याची गाडी दिसली. पांढरा रंग मात्र सर्वानुमते मंजूर. त्या दिवशी तिथं पांढरी नसलेली गाडी शोधायची म्हटली असती तर आमचीच सापडली असती.

एका टपरीवर कॅमेरा होता. त्याचं तोंड गल्ल्याकडे. पार्किंगवाल्या पोरानं पावती उलटी करून दाखवली, 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. मी म्हणालो, "मग तू पैसे कसले घेतोस?" तो म्हणाला, "उभं करायचे, काका."

एव्हाना दहा-बाराजण जमले होते, आणि चौकशीचा रोख हळूहळू माझ्याकडे वळला. "लावली कशी होती?" "जरा बाहेरच आलेली दिसतीय." "आरसे मिटले होते का?" "झाडाखाली लावायची ना." ठोकून गेलेला माणूस तिथं नसल्यामुळे त्याच्याविषयी कुणाची काहीच तक्रार नव्हती. हजर होतो तो मी. तेव्हा मला कळलं की तो माणूस का पळाला असेल. पोलिसांना भिऊन नाही, पैशाला भिऊनही नाही. तो या दहा-बारा जणांना भिऊन पळाला. थांबला असता तर त्यांनी त्याला घेरलं असतं, दोघांनी शिव्या दिल्या असत्या, दोघांनी 'मिटवून टाका' म्हटलं असतं, एकानं व्हिडिओ काढला असता. तो गेला, आणि त्याच्यासाठी भरलेली पंचायत माझ्यावर बसली. 'येऊ द्या'वाला या दहा-बारा जणांतच असणार, असा माझा आजही दाट संशय आहे. 'लावली कशी होती' हे विचारणाऱ्याचा पंजा सारखा पोटाकडे जात होता.

अण्णांच्या आग्रहाखातर पोलिसांत गेलो. ठाण्यातले हवालदार सज्जन होते, चहा मागवला.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"अज्ञात इसमाविरुद्ध."

"इसम पाहिला?"

"नाही."

"मग इसम कशावरून? तिथं माकडं पण आहेत."

"माकड पांढरा रंग लावून जाईल का?"

हवालदारांनी पेन खाली ठेवून त्या शक्यतेचा प्रामाणिकपणे विचार केला आणि मग डायरीत नोंद घेतली.

कायदा आहे, नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं १३४ वं कलम सांगतं की अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर पोलीस अधिकाऱ्यानं मागितलेली माहिती चालकानं द्यायची. उत्तम कलम आहे, फक्त मागायला समोर चालक हवा. ठोकून पळालेल्यांसाठी १६१ वं कलम वेगळं आहे. वाहनाचा पत्ता लागत नसेल तरी भरपाई मिळते, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. मी अण्णांना म्हणालो, "दाराच्या दुखापतीला काही नाही." अण्णा म्हणाले, "मग मास्तर, मधी पाय घालायचा व्हता की."

राहता राहिला विमा. विम्याचा हप्ता मी न चुकता भरत आलोय. आमच्या एजंटनं पॉलिसी देताना 'सर, आता निर्धास्त राहा' असं म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, क्लेम अजिबात करू नका." कारण नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षी दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षं गप्प बसलं की पन्नास. मी पन्नासला पोचलेलो. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्यावर. गॅरेजवाल्यानं सांगितले साडेसहा हजार. त्यातले हजार रुपये लहान गाडीला सक्तीनं स्वतःच भरायचे, वर रंगाच्या सामानाला निम्मा घसारा. उरलेल्या रकमेसाठी फॉर्म, फोटो, सर्व्हेअर आणि बोनसची आहुती. हिशेब करून मी एजंटला विचारलं, "मग विमा कशासाठी काढायचा?" तो म्हणाला, "सर, तो असावा लागतो." मंगळसूत्राबद्दल आमची आजी हेच म्हणायची.

गंमत पुढेच आहे. जो पळाला त्याच्याकडेही विमा असणारच, निदान कायद्यानं सक्तीचा थर्ड पार्टी तरी. खाजगी गाडीच्या त्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतची सोय असते, आणि त्यामुळे त्याचा स्वतःचा बोनस बुडत नाही. म्हणजे जी रक्कम त्याच्या खिशातून जाणारच नव्हती ती वाचवायला तो जीव मुठीत धरून घाट उतरला. आणि त्या साडेसात लाखांना हात लावायचा तर मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली असती. साडेसहा हजारांच्या दारासाठी!

कामशेतच्या गॅरेजवाल्यानं पोच्यावरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून दाराच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाला, "काका, आत्ता नका करू."

"का रे?"

"एक तर ह्या दमटात पुटी सुकत नाही. रंगाला फोड येतात. आणि दुसरं म्हणजे अजून पब्लिक कमी झालेलं नाही. आत्ता करून दिलं की पंधरा दिवसांत ह्याच दारावर दुसरा येईल. मग म्हणाल काम कच्चं झालं." त्यानं मागे हात केला. शेडमध्ये पोचे आलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, बहुतेक एमएच चौदा, सगळ्या आपल्या तालुक्यातल्या. "हे सगळे थांबलेत. आपल्याकडं लोक वर्षाचे पोचे साठवतात आणि दसऱ्याला एकदम काढतात. पूजेला गाडी नीट पाहिजे ना! एकरकमी केलं की मी पण कमी लावतो." मावळात वर्षानुवर्षं राहून ही व्यवस्था मला ठाऊक नव्हती. बोनसच्या कोष्टकापेक्षा ती मला जास्त शास्त्रशुद्ध वाटली. मी दसऱ्याच्या यादीत नाव घातलं. त्यानंतर डाव्या बाजूच्या मागच्या दिव्याचीही भर पडली आहे, पण ती तळेगावच्या बाजारात, आणि तिथं निदान माणूस थांबला. नाव-गाव सांगून, चहा पाजून, 'लावली कशी होती' हे विचारूनच गेला.

आता कामाचं. पांढरी गाडी, पुढे लिंबू-मिरची, मागच्या बंपरवर विटकरी रंगाचा ओरखडा, नंबरप्लेटचा एक स्क्रू बहुधा वाकलेला. पुणे, ठाणे किंवा अन्यत्र कुठेही दिसली तर मालकाला घाबरवू नका. फक्त सांगा, की पैसे नकोत, रागही नाही. पुढच्या वेळी वायपरखाली चिठ्ठी ठेवा. नाव आणि गाव पुरे, वडिलांचं नाव आणि धंदा नसला तरी चालेल. आणि तो विटकरी ओरखडा थिनरनं घासू नका, खालचा पांढरा रंगही निघून येईल. रबिंग कंपाउंड लावा.