मापाचा पाइप

तळेऱ्याला चार वाटांनी बिघडलेल्या गाड्या येतात. मुंबईच्या अंगाने खारेपाटणहून, गोव्याच्या अंगाने कणकवलीहून, घाट उतरून वैभववाडीहून आणि समुद्राकडून विजयदुर्गहून. त्यामुळे आमच्या नाक्यावर मिस्त्री कधी उपाशी राहत नाही. आप्पाही राहिले नाहीत. फक्त त्यांना दुरुस्तीचा मनापासून कंटाळा आहे.

असा एक आप्पा कोकणातल्या दर नाक्यावर भेटतो. कंपनीने बनवलेली गाडी हा त्याच्या लेखी कच्चा मसुदा असतो. तुम्ही पंक्चर घेऊन गेलात, तर तो चाकाकडे पाहण्याआधी बॉनेटकडे पाहतो आणि सुस्कारा टाकतो. त्या सुस्काऱ्यात जपानपासून गुडगावपर्यंतचे सगळे इंजिनियर एका झटक्यात नापास होतात.

आमच्या आप्पांच्या टेबलावर गेली सहा वर्षं एक टर्बो आहे. कोल्हापूरच्या भंगारातून तो तांदळाच्या पिशवीत बसून एसटीने आला, तोही बायकोसाठी घेतलेल्या गुळाच्या ढेपेखाली. दिसायला दोन शंख पाठीला पाठ लावून ठेवावेत तसा. रोज सकाळी गॅरेज उघडलं, की आप्पा देवाला उदबत्ती ओवाळतात, मग टर्बोच्या तोंडात फुंकर मारतात. आतलं चक्र भिर्र फिरतं. "आजून मोकळा फिरता," असं स्वतःशीच म्हणून ते पहिला चहा सांगतात.

टर्बो म्हणजे काय, हे नाक्यावर आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. इंजिनातून फुकट जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र. ते बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस माणसाने 1905 साली पेटंट केली. आप्पा त्यांना 'बुची' म्हणतात आणि त्यांच्याबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला ते कासार्ड्याचे कोणी व्याही वाटावेत.

आप्पांचं स्वप्न मात्र बुचींच्या पुढचं आहे. त्यांना टर्बो बसवायचाय माझ्या ओमनीला, आणि तोही इंजिनापासून लांब, मागे सायलेन्सरच्या जागी.

"लांब कित्याक?" असं मी एकदा विचारलं. एकदाच.

"ओमनीचा इंजान खंय असा? पुढच्या सीटखाली. म्हणजे तू बसतंस खंय? चुलीर! आता थंयच लालबुंद टर्बो ठेवलंय तर तुझा काय होतला? आंघोळीचा पाणी तापवचा भाणा मागीलदारी असता मा? देवखोलयेत कोण मांडता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 796 सीसीची तीन सिलिंडरं सीटखाली घेऊन मी वीस वर्षं फिरतोय. मे महिन्यात बूड शेकतं, ते काय असतं मला ठाऊक आहे.

आप्पांच्या पाठीशी इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं थंडरबोल्ट विमान. त्याचं इंजिन नाकात आणि टर्बो पार मागे, वैमानिकाच्या पाठीमागे शेपटीकडे. मधे लांबच लांब नळ. ब्रिटिशांच्या हवाई दलाने ही विमानं ब्रह्मदेशात उडवली. हे सांगताना आप्पांचा आवाज घाट चढतो. "इतक्या लांब टर्बो ठेवून लढाई जिंकली. मग ओमनीक काय झाला?"

"आप्पानू, विमानाक खड्डे लागणत नाय," चहावाल्याचा पोरगा म्हणाला. त्या दिवशीचा चहा आप्पांनी परत पाठवला.

शंका काढणारे आप्पांना चालत नाहीत, पण शंकांचं त्यांना वावडं नाही. धूर लांब जाईपर्यंत थंड होतो, आकसतो आणि चक्राला तितका जोर मिळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. त्यावर उपाय म्हणजे पाइपाला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळायची आणि चक्राचं घर लहान निवडायचं. उलट दाबलेली गरम हवा पुढे परत येताना वाटेत निवते, हा फुकटचा फायदा. मागे बसवलेला टर्बो इंजिनाच्या ऑइल टाकीपेक्षा खाली पडतो. त्याच्यातलं ऑइल आपसूक परत येणार नाही, म्हणून ते ओढून आणायला एक वेगळा पंप. हवा ओढणारी जाळी मागच्या चाकाजवळ आली, तर मे महिन्यात लाल धूळ आणि जूनमध्ये पाणी पिणार, म्हणून तिला वर न्यायला आणखी एक नळी. दर शंकेला एक वस्तू, असं करत करत यादी इतकी वाढली, की या बेतात ओमनी हा सगळ्यात छोटा सुटा भाग उरला.

सगळ्यात अवघड शंका एका काकींनी काढली. एसटी चुकली म्हणून त्या बाकावर टेकल्या होत्या. पाय दाबल्यावर ताकद लगेच येते का, असं त्यांनी विचारलं. आप्पा खुलले.

"काका मुंबयसून पैसे धाडीत, ते पोचासर चार दिस जायत मा गे काकी? तसाच ह्या. हय पाय दाबलंस, वारो मागसून येता."

"आणि मधी दीर काढून घेय तो?"

"ता लीकेज."

काकींना टर्बो कळला. कॉलेजात शिकलेल्या भाच्याला मला अजून समजावता आलेला नाही.

मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलमही आप्पांना तोंडपाठ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत मनाजोगा फेरफार करता येत नाही. आप्पा कायदा मानतात. म्हणूनच टर्बो टेबलावर आहे, असं ते सांगतात. पंपाचे पैसे जमले नाहीत, हे ते सांगत नाहीत.

मागच्या वर्षी माझी ओमनी करूळ घाटात धापा टाकू लागली. तीन माणसं, दोन फणस आणि पहिला गिअर. एका वळणावर उसाचा रिकामा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. परतल्यावर मी थेट आप्पांकडे गेलो आणि म्हटलं, "लावा तो टर्बो. होऊ दे खर्च."

आप्पा टर्बोकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाडी चालू केली, डोळे मिटले, मान तिरकी करून ऐकलं. मग एअर फिल्टरचं झाकण काढलं. आत उंदराने वाळलेल्या गवताचा संसार थाटला होता. तो बाहेर आला, नवा फिल्टर आत गेला, क्लचची तार ओढून बसली. सगळं मिळून अर्धा तास.

"दम होतोच रे तिच्यात," आप्पा म्हणाले. "श्वास घेवक वाट नव्हती."

पुढच्या रविवारी तीच तीन माणसं घेऊन मी दुसऱ्या गिअरमध्ये गगनबावड्याला पोचलो. येताना आप्पांसाठी गूळ आणला. तो घेताना ते जरा पडलेल्या चेहऱ्याने ओमनीकडे पाहत होते. आपल्या हातानेच आपलं गिऱ्हाईक बरं केलेल्या वैद्यासारखे.

आता गाडी जुनी झाली. फोंड्याचा एक माणूस चांगले पैसे देतोय. मी आप्पांच्या कानावर घातलं. ते काही न बोलता आत गेले आणि माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबडं काहीतरी घेऊन आले. कागद सोडला. तीन ठिकाणी वाकवलेला, घासून लखलखीत केलेला, तोंडाला चिंधीचं बूच मारलेला पाइप. कागदावरची तारीख पाच वर्षांपूर्वीची होती.

"विकू नको हां," आप्पा म्हणाले. "तिच्याच मापाचो कापलंय."

फोंड्याच्या माणसाला मी नाही कळवलं. त्याला काय कारण सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.