भाऊजींचा डावा पाय

अहो काकू, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या, मोठ्यानं नको. समोरच्या भाऊजींच्या गाडीचं कळलं ना?

१५ दिवस नुसती किंचाळत होती हो. पहिल्या गॅरेजवाल्यानं तर बॉनेटही धड न उघडता सांगून टाकलं, "साहेब, गिअरबॉक्स गेला." आकडा ऐकून भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. वहिनींनी त्याच रात्री दिवाळीचा सोफा कॅन्सल केला. तो मरून रंगाचा, आपण दोघींनी पाहिलेला...

तर काय सांगत होते? हां, मग आमच्या ह्यांनी नाक्यावरचा म्हातारा मिस्त्री आणला. त्यानं काही खोललं नाही. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. "क्लच सोडा." गाडी गप्प. "आता दाबा." कुंईंऽऽ! पुन्हा सोडला, पुन्हा गप्प. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग असतं तर उलटं नसतं का झालं? क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबला की शांत, कारण दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचाच थांबतो. एवढं आपल्यालाही ठाऊक! म्हणजे गेलं होतं ते रिलीज बेअरिंग.

पण खरी मजा पुढेच. मिस्त्री हळूच विचारतो, "साहेब, चालवताना डावा पाय कुठं असतो?" भाऊजी म्हणे, "खालीच की!" आणि मागून वहिनी, कमरेवर हात, "खाली? अख्खा ताम्हिणी घाट क्लचवर होता! मी सांगून थकले." नुसता टेकवला तरी बेअरिंगवर भार येतोच ना हो. भाऊजी आपले चपलेकडे बघत उभे. आणि आमचे हेही एकदम गप्प... तेही तसेच चालवतात!

गिअरबॉक्स उतरवावा मात्र लागलाच, बेअरिंग आतच बसलेलं. मिस्त्री म्हणाला, उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही बदला. प्लेट पार झिजलेली. चढाला इंजिन बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही, वर करपल्याचा वास. आणि मेल्या त्या वासाचा आळ त्या दिवशी माझ्या वांग्याच्या भाजीवर!

सोफा? येतोय म्हणे, पण मरून नाही, तो... अगंबाई, भाऊजी आलेसुद्धा! बघा, आता गाडीचा आवाजच येत नाही, माणसानं बोलायचं तरी कसं?