अकरा महिन्यांची अंधश्रद्धा

नवी मुंबईत नेरूळ घ्या, घणसोली घ्या, खारघर घ्या. भाड्याच्या घराचा करार अकराच महिन्यांचा. का, म्हणून विचारलं की एजंट मुहूर्त सांगावा तसं सांगतो, "साहेब, वर्षाच्या वर गेलं की रजिस्टर करावं लागतं."

१९०८ च्या नोंदणी कायद्यापुरतं हे खरं. पण महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की असा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लेखीच हवा आणि नोंदलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो वा एक. पाव शतक उलटलं, एजंट मंडळींपर्यंत बातमी पोहोचायचीय.

एरवी १८७२ चा करार कायदा भलता दिलदार. खुशीची संमती, रीतसर मोबदला आणि कायद्यात बसणारा हेतू असला की तोंडी करारही त्याला चालतो. मात्र दुसरा कायदा लेखी आणि नोंदणी मागत असेल, तर पाचशेच्या बाँडवर नोटरीचा लाल शिक्का मारून भागत नाही.

खरी गंमत पुढेच. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली आणि भांडण कोर्टात गेलं, तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं. खोटं पाडायचं ओझं मालकाच्या डोक्यावर! पंचवीस हजार भाडं, लाखभर डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास, नोंदणी फी हजार. घरबसल्या ऑनलाइन अंगठा देऊन काम होतं. पण एवढे पैसे वाचवून मालक रुबाबात अट घालतो, 'मुदतीआधी घर सोडल्यास डिपॉझिट जप्त.' करार कायद्याचं कलम ७४ वाचायची तसदी कोण घेणार? आकडा काहीही लिहा, पदरात पडते त्या मर्यादेतली वाजवी भरपाईच.

आणि हे मालक तरी कसले? इमारतीखालची जमीन बहुतेक ठिकाणी हे शहर वसवणाऱ्या सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सिडको काही नोटरीकडे जाऊन अकरा महिन्यांचा बाँड करत नाही.

नोंदणी न करणाऱ्या मालकाला दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटाला काही नाही. त्याची दलाली तर किल्ली देतानाच चुकती झालेली असते.