अवघड गोधडी, सोपी गोधडी : एक प्रपंचोपयोगी मार्गदर्शन

घरात एका वेळी दोन गोधड्या सुरू असाव्यात. अवघड गोधडी पाहुण्यांना दाखवायला, सोपी पांघरायला. या दोहोंची गल्लत झाली की घरची माणसं थंडीत कुडकुडतात आणि कलाकृती दिवाणात उबेला पडून राहते.

आधी सोपी. तिला जुनी सुती नऊवारी लागते. नऊ वार म्हणजे 27 फूट. चार पदरी घडी घातली की पावणेसात फुटांची गोधडी जागच्या जागी तयार. सहावारी घेतलीत तर 18 फुटांचे तीन पदर, सहा फुटांचे. घरातल्या उंच माणसाने डोकं झाकायचं की पाय, हे आधीच ठरवून टाकावं. घडी जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, तांदळाचा डबा आणि एक आज्ञाधारक नातू ठेवावा. मधून कडेकडे लांब टाके घालत टाचून घ्यावं, म्हणजे झोळ बाहेर निघतो. मग धावदोरा. दोन-दोन सेंटीमीटरवर ओळ धरली तर चार फूट रुंदीत साधारण साठ ओळी, ओळीत दोनशे टाके, एकूण बारा हजार. हिला सोपी म्हणायचं, कारण हात चालू असताना मालिका बघता येते. खलनायिकेने दुधात काही कालवलं की टाका लांब पडतो. अशा ओळी उसवू नयेत, नक्षी म्हणून खपतात.

आता अवघड. एक इंच बाजूचे षटकोन. एवढ्याच मापाला जवळजवळ 1500 लागतात. प्रत्येकासाठी कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचं, काठाला काठ लावून बारीक हातशिलाईने जोडायचं आणि शेवटी कागद काढायचा. कागदाला लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात आणि घरात कधी संपत नाहीत. त्या काढायला मात्र विसरू नये. पांघरणारा कुशीवर वळला की आतून ‘सहकुटुंब सहपरिवार’ खडखडतं. कापड सुतीच घ्यावं. आहेरात आलेली सिंथेटिक साडी दुमड धरत नाही, आणि तिच्याशी भांडण्यात दुपार जाते. नवं लाल कापड आधी भिजवून बघावं, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी.

मुख्य प्रश्न समतोलाचा. यासाठी शास्त्रशुद्ध प्रमाण असं: मध्ये एक आणि भोवती सहा षटकोन जोडले की एक फूल, दर फुलामागे सोपीच्या दोन ओळी. फुलं साधारण 214, म्हणजे ओळी 428. एक अवघड गोधडी पुरी होईपर्यंत सोप्या सात होतात. इथे शास्त्र संपतं आणि नातेवाइकांची पाळी येते, कारण सात सुती नऊवाऱ्या आणायच्या कुठून? तुम्ही आल्याचं कळताच नणंदबाई कपाटाची किल्ली कमरेला खोचतील. मनाला लावून घेऊ नये. चहा घ्यावा आणि सासूबाईंच्या ट्रंकेची चौकशी करावी. पैठणीकडे बघूसुद्धा नये.

घरात कुणाला दिवस गेल्याचं कळलं, तर षटकोनी दुपट्याचं वचन देण्याचा मोह होतो. तो आवरावा. बारसं होतं, जावळ होतं, मुलगी शाळेत जाऊ लागते आणि दुपटं तिच्या बाहुलीपुरतंच झालेलं असतं. दुपट्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घ्यावं, सरळ धावदोरा मारावा आणि सातव्या महिन्याच्या आत मोकळं व्हावं.

वेळेची वाटणी सोपी आहे. षटकोनांना सकाळचा उजेड आणि बंद फोन, धावदोऱ्याला रात्र. पाहुणे आले की उलट: धावदोरा दिवाणाखाली, षटकोन मांडीवर. ‘बाई, केवढं हे काम! कधी पुरं होणार?’ असं कुणीतरी विचारतंच. तारीख सांगू नये. त्यांच्याकडे जुनं लुगडं पडून आहे का, एवढं विचारावं.