बेसबहाद्दर

अक्कलकुवा, मोलगी, काठी ह्या डोंगरपट्ट्यात लग्नाच्या बँडबरोबर एखादा गिटारवाला असला, तर तो हमखास बेसबहाद्दर निघतो. ॲम्पवर गेन, बेस, मिड, ट्रेबल, मास्टर अशी बटणांची रांग असते, पण ह्याचा जीव बेसमध्ये. मिड आणि ट्रेबलला त्याचा हात लागतो तो दसऱ्याला, हळदकुंकू वाहताना.

त्याचं पालुपद एकच : "भाऊ, थोडं पोकळ वाटतंय."

सेटिंग तो रात्री घरी करतो, आई झोपल्यावर, आवाज अगदी बारीक ठेवून. बारीक आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी हे १९३३ सालीच मोजून ठेवलंय, पण ह्याला कोणी कळवलेलं नाही. त्यामुळे बेस नऊवर जातो. मग मांडवात मास्टर चढला, की पातेल्यांवरची झाकणं वाजू लागतात, नवरदेवाच्या मुंडावळ्या थरथरतात आणि गाणं कोणतं चाललंय ते गायकाच्या ओठांवरून ओळखावं लागतं.

जाणकार समजावतात. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ८२ कंपनं होतात. त्याखालचा मुलूख बेस गिटारचा आणि ढोलाचा. तिथे तू कशाला घुसतोस? शिवाय गेन चढवलेला असताना आत शिरणारा बेस फाटतो, पसरतो, एक स्वर दुसऱ्याच्या अंगावर सांडतो. म्हणून बेस गेनच्या आधी कापायचा आणि लागलाच तर नंतर वाढवायचा. मेसा बूगीच्या मार्क मालिकेच्या ॲम्पात टोनची बटणं गेनच्या आधीच बसवलेली असतात. ते वाजवणारे बेस एक-दोनवर ठेवतात आणि राहिलेली हौस पुढच्या ग्राफिक इक्वलायझरवर भागवतात.

"बरोबर आहे दादा," हा मान डोलावतो आणि बेस नऊवरून पावणेनऊवर आणतो. चेहरा असा, की वडिलोपार्जित शेत विकलंय. पुढच्या गाण्याला बटण परत नऊवर.

काठीच्या राजवाडी होळीत मात्र त्याची डाळ शिजत नाही. अंगावर ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला वाळके भोपळे बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात. होळी पेटते पहाटे, आणि तोवर सगळा बेस मोठमोठ्या ढोलांचा, एकही बटण नसलेला. एकदा ते ऐकून हा चक्रावला. एक ढोलवाले आजोबा ढोलाचं तोंड शेकोटीच्या धगीला धरून बसले होते, त्यांना जाऊन विचारलं, "आजोबा, इतका बेस आणता कुठून?"

"दवानं कातडं ढिलं पडतं, मग ढोल नुसता भदभदतो," आजोबा म्हणाले. "शेकला की ताणतो. मग ठोका कसा सुटा पडतो बघ."

त्यांनी थाप मारली. ठोका गोल, नेटका उमटला आणि पुढच्या ठोक्याला जागा देऊन थांबला. जाणकारांनी इतकी वर्षं घसा फोडून सांगितलेलं एका थापेत आलं होतं. हाही बराच वेळ गप्प उभा राहिला. चला, पोरगं सुधारलं, असं आम्ही एकमेकांना खुणावलं.

तेवढ्यात तो पिकअप गाडीकडे धावला, ॲम्प उचलून आणला आणि त्याची जाळी शेकोटीकडे करून मांडला.

"भाऊ, जरा शेकू द्या," तो म्हणाला. "मग दहावर ठेवू."